झाकून ठेवलेले अन्न

भाद्रपद लागला की आमच्या चारकोपच्या घरात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. सकाळी एखादी सर येऊन जाते आणि तिच्यामागून असे ऊन पडते, की भिंतींनाही घाम फुटावा. पापड तळल्या तळल्या मऊ पडतो, काडेपेटीची काडी ओढून ओढून झिजते, आणि सकाळी वाटलेली खोबऱ्याची चटणी दुपारच्या जेवणापर्यंत बोटाला बारीकशी तार देऊ लागते. माणसाला या हवेची सवय होते. अन्नाला होत नाही. या दिवसांत ते फार लवकर मन बदलते, आणि बदलल्याचे पुष्कळदा सांगतही नाही. वास तोच, रंग तोच, वरचा तेलाचा तवंगही तसाच.

यंदाचा भाद्रपद लागला तेव्हा एका संध्याकाळी माझी मलाच एक सवय दिसली. कामावरून घरी आलो, की मी चपला काढतो, हात धुतो आणि कोणाशी एक शब्द बोलण्याआधी ओट्यापाशी जाऊन प्रत्येक भांड्याला हाताची मागची बाजू लावून पाहतो. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावी तशी. भांडे कढत असेल तर ठीक. कोमट असेल तर लगेच घड्याळाकडे पाहतो. माझ्या बायकोने, वैजयंतीने, हे अर्थातच माझ्या कितीतरी आधी ओळखले होते. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "सगळ्या भांड्यांची तब्येत बरी आहे. आता माणसांना पण विचारा, कशी आहात म्हणून."

मी हसलो, पण हात मागे घेताना ओशाळलो. कोमट या साध्या, सोज्ज्वळ शब्दाची भीती मला ज्या भाद्रपदाने घातली, तो दोन वर्षांपूर्वीचा. वर्षे सरली तरी काही ऋतू सरत नाहीत. ते पंचांगातून निघून जातात आणि हातात राहतात.

त्या वर्षी आषाढात वैजूची शस्त्रक्रिया झाली, आणि श्रावणापासून केमोचे फेरे सुरू झाले. प्रत्येक फेऱ्यानंतर काही दिवस रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला जातात, त्या दिवसांत ताप आला तर घरी गोळी देत बसायचे नाही, थेट इस्पितळ गाठायचे, असे डॉक्टरांनी बजावले होते. मग आम्हांला एका आहारतज्ज्ञ मुलीकडे पाठवले. आमची लेक शोभावी अशा वयाची ती, पण बोलण्यात एक शब्द वावगा नाही. "शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर नको," ती म्हणाली, "आणि या हवेत तर त्याहून कमीच धरा. उरलं तर मोठ्या पातेल्यात तसंच ठेवू नका, आतून निवायला फार वेळ लागतो. उथळ डब्यांत वेगवेगळं करून लगेच फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवा. लागेल तेवढंच काढा, चांगल्या वाफा येईपर्यंत गरम करा, आणि एकदाच. आणि भाताशी खेळू नका. बाहेर राहिलेल्या भातात जे तयार होतं ते पुन्हा गरम केल्यानं जातंच असं नाही." आम्ही उठलो, दारापर्यंत गेलो, तेव्हा ती मागून म्हणाली, "पण काका, वजन उतरू देऊ नका हं त्यांचं. असंच उतरत राहिलं तर डॉक्टरांना पुढचा केमो लांबवावा लागेल."

चुकीचे खाल्ले तर ताप. खाल्लेच नाही तर औषध थांबणार. या दोन वाक्यांच्या मधली जी चिंचोळी जागा होती, तिच्यात आम्ही तिघांनी तो सगळा ऋतू काढला. तिघे म्हणजे वैजू, मी आणि माझी आई.

आई तेव्हा ऐंशीच्या घरात होती. तळकोकणातून लग्न होऊन ती गिरणगावातल्या एका खोलीत आली, आणि त्या खोलीत फ्रिज नावाची वस्तू माझ्या कॉलेजापर्यंत नव्हती. होते ते जाळीचे कपाट. त्याचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत उभे, म्हणजे मुंग्या चढू नयेत. दुधाचे पातेले परातीतल्या गार पाण्यात, वरून ओला फडका. माशाचे कालवण मात्र कपाटात जात नसे. ते चुलीच्या कोपऱ्यातच असे, आणि आई ते रात्री निजण्यापूर्वी एकदा आणि सकाळी उठल्या उठल्या एकदा खळखळ कढवी. आमच्याकडे पहिल्या दिवशीचे कालवण हे निव्वळ शिजलेले असे. ते खरे कालवण व्हायचे दुसऱ्या दिवशी, कोकम आणि तिरफळ आत मुरल्यावर. बाबा दुसऱ्या पाळीवरून येत तेव्हा त्यांच्यासाठी काहीतरी झाकून ठेवलेले असायचेच. झाकणावर एक जड वरवंटा, मांजरासाठी. आमच्या आईला संसार म्हणजे काय असे कोणी विचारले असते, तर तिने बहुधा त्या वरवंट्याकडे बोट दाखवले असते. येणाऱ्यासाठी काहीतरी झाकून ठेवायचे, एवढाच.

त्यामुळे माझी नवी शिस्त तिच्या घरात उभी राहिली, ती परक्या पाहुण्यासारखी. मी डब्यांवर कागदी पट्ट्या चिकटवून वार लिहू लागलो. कच्चे मासळी-मटण खालच्या कप्प्यात, शिजलेले वर, आणि मधला कप्पा फक्त वैजूचा. आई हे सारे पाहत असे आणि काही म्हणत नसे. पण एका सकाळी मला पिठाच्या डब्यामागे, चाळणीखाली दडवलेली एक वाटी सापडली.

"आई, हा भात कधीचा?"

"रातचो. वाटीभर ऱ्हवलो. फोडणी देतंय."

"टाकायचा हा."

"टाकतंस?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "झिला, तुझ्या बापाशीन ह्याच भातावर गिरण चालवली."

"आणि चुकून वैजूच्या ताटात गेला तर?"

"तिका कोण देता? माका खाऊचो आसा. ह्या पोट न्हय, पत्रो आसा."

मी भात कचऱ्याच्या डब्यात ओतला. तिच्यासमोर. तिने पदराने हात पुसले, ते ओले नसतानाही, आणि बाहेर जाऊन बसली. मी बरोबर होतो. या गोष्टीचा मी नंतर पुष्कळ विचार केला आहे, आणि दरवेळी त्याच निष्कर्षाला येतो, की मी बरोबर होतो. परंतु बरोबर असण्याला एक रीत असते, ती मला साधली नाही. तिला भुकेचे भय होते, मला तापाचे. दोन्ही भये एकाच फ्रिजमध्ये राहत होती आणि दार मात्र फक्त माझ्या हातात होते.

शेजारधर्माचेही तसेच. आमच्या समोरच्या सावंतवहिनी म्हणजे मायेचे माणूस. घरात आजारपण आहे म्हटल्यावर आमच्या सोसायटीत डबा येणारच, आणि आलेला डबा रिकामा परत करायचा नसतो. एके दिवशी त्या मुगाचे कढण घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"साधंच आहे हं, भावोजी. तिखट-बिखट काही नाही."

"कधी केलंत?" मी विचारले.

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे… आत्ता केलंय की सकाळी?"

"सकाळी उरकलं पूजेआधी." मग त्या हसल्या. "काय हो भावोजी, पोलीस चौकीत आल्यासारखं वाटतंय मला."

मी डबा घेतला, आभार मानले, दार लावले आणि कढण मोरीत ओतून दिले. डबा स्वच्छ घासून त्यात चार पेढे घालून परत केला. वैजूने आतून विचारले, "वहिनींनी काय दिलं होतं?" मी म्हणालो, "काही नाही, असंच." काही दिवसांनी वहिनी डब्याऐवजी फक्त चौकशी घेऊन येऊ लागल्या. मग चौकशीही दारातूनच.

आणि ज्या बाईसाठी हा सारा बंदोबस्त, ती खात नव्हती. तिच्या तोंडाला सतत पत्र्याची चव येई. मी उकडलेले, कढवलेले, गाळलेले, वाफाळते असे सर्व तिच्यापुढे नेत होतो. मऊ भात, तूप, मीठ. उकडलेला दुधी. ती दोन घास खाई आणि ताट सरकवी. गालांची हाडे वर आली होती; बांगड्या कोपरापर्यंत सरकत. एकदा मी तिला जरा जोर करून म्हणालो, "वैजू, खायला हवं गं. वजन बघितलंस ना?" तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही ताट आणता ना, तेव्हा मला आधी तुमचा चेहरा दिसतो. मग भूक जाते."

मी ताट उचलले आणि नेहमीप्रमाणे उरलेल्याची व्यवस्था लावायला स्वयंपाकघरात गेलो.

गणपती यंदा नको, असे मी आईला सुचवून पाहिले होते. "गणपती येतलोच," एवढेच ती म्हणाली. आमचा पाच दिवसांचा, बरोबर गौर. गणपती आला, आणि माझ्या त्या आखीव फ्रिजची दैना झाली. ओल्या फडक्यात दूर्वा आणि शेवंती, फोडलेल्या नारळांच्या वाट्या, दुधाच्या पिशव्या, कोणी आणलेले मोदक, कोणी दिलेली बर्फी. इतके भरले की आतली गार हवा हिंडेल कशी, याची मला चिंता. मी पुनःपुन्हा दार उघडून पाहत असे, आणि त्यानेच आत गरम होते हे वैजूने दाखवून दिले.

आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. गणपती आणि गौर यांच्यामध्ये एक पडदा धरायचा, म्हणजे बाप्पाच्या दृष्टीला पडू नये, आणि पडद्याअलीकडे गौरीपुढे वडे आणि मटणाची सागोती ठेवायची. माहेरवाशिणीचे लाड. पण या लाडांचे नियम कडक. नैवेद्य होईपर्यंत कोणी चव घ्यायची नाही, मीठ बघायलाही नाही. एकदा उतरवलेले पातेले पुन्हा गॅसवर चढवायचे नाही. आणि नैवेद्यावर पाणी सोडायचे ते घरातल्या थोरल्याने. बाबांच्या मागे हा मान माझ्या दादाचा, आणि दादा राहतो मुलुंडला.

त्या दिवशी तो दुपारच्या बाराला पोहोचतो म्हणाला होता. आईने आणि मी त्या बेताने सगळे उरकले. खोबरे मी भाजले, ती पाटावर बसून हुकूम सोडत होती: "करपव नको… आजून वाईच… आता काढ." कांदा, खोबरे, मसाला असे वाटण पातेल्यात पडले आणि त्याला तेल सुटू लागले, तसा तो वास स्वयंपाकघरातून निघून पडद्यावरून, देवावरून, आतल्या खोलीपर्यंत गेला. तेव्हा कित्येक आठवड्यांत न झालेली गोष्ट झाली. वैजू डोक्याला रुमाल बांधून, भिंतीला धरून, आपणहून स्वयंपाकघराच्या दारात आली.

"सागोती ना?"

"हो. तू कशाला उठलीस?"

"मला भूक लागलीय," ती म्हणाली. सांगताना तिचे तिलाच नवल वाटल्यासारखे दिसले.

आईने मान वर केली. "बस गो बाय. आता थोरलो येतलो, नैवेद्य होतलो, पयला पान तुझा."

मी खुर्ची आणून दिली. वैजू दारातच बसली. सागोती शिजली, आईने गॅस बंद करायला लावला, पातेले उतरवून ओट्यावर ठेवले आणि झाकण घातले. वड्यांचे पीठ मळून तयार होते. बारा वाजले. दादा आला नाही.

मी फोन लावला.

"अरे, निघालोय मी कधीच," दादा म्हणाला. "लिंक रोडला कोणाची तरी मिरवणूक निघालीय. अर्धा तास जागेवर."

"अंदाजे किती वेळ?"

"अंदाज काय सांगू तुला! ड्रायव्हर खाली उतरून चहा पितोय, यावरून समज."

पातेल्याच्या बाजूला हात लावला. कढत. थोड्या वेळाने पुन्हा लावला. सोसेल इतके. खिडकीबाहेर ऊन मी म्हणत होते. पंखा फिरत होता आणि ओलसर हवाच इकडची तिकडे करीत होता. ओल्या खोबऱ्याच्या वाटणाला ही हवा म्हणजे निमंत्रण, हे मला आता शिकवावे लागत नव्हते. झाकणाखाली काय चालले असेल, याचे चित्र मला कल्पनेत स्पष्ट दिसत होते, आणि दारात बसलेली ती बाईही मला दिसत होती. तिने नजर पातेल्यावरून काढली नव्हती. भूक ही गोष्ट त्या दिवसांत तिच्याकडे पाखरासारखी येत असे. हललो तर उडेल, असे वाटून मी हलतही नव्हतो.

"वैजू," मी शेवटी म्हणालो, "मी तुला दुसरं काही करून देऊ का? मऊ भात पटकन—"

"मला मऊ भात नकोय."

"दादा येईलच."

"आले की मला देणार आहात?"

मी ओट्यावरचा फडका उचलून त्याची घडी घालू लागलो.

"खरं सांगा. ते आले, नैवेद्य झाला, की तुम्ही मला हे देणार आहात का?"

मी घड्याळाकडे पाहिले. माझ्या मनातली मर्यादा अजून ओलांडलेली नव्हती, पण दादा येईपर्यंत ती ओलांडली जाणार होती, आणि मग मी हे तिला देणार नव्हतो. हे तिला कळले होते. माझा चेहरा वाचायला तिला कधी चष्मा लागला नाही.

"म्हणजे आत्ता नैवेद्य व्हायचाय म्हणून नाही," ती अगदी हळू म्हणाली, "आणि मग वेळ झाला म्हणून नाही."

रागाने म्हणाली असती तर बरे झाले असते. ती उठली, खुर्चीच्या पाठीला धरून वळली आणि आतल्या खोलीकडे निघाली.

"वैजयंती, बस," आई म्हणाली.

ती पाटावरून उठली. उठायला तिला वेळ लागतो. एक हात गुडघ्यावर, एक ओट्याच्या कडेला. तिने पातेले दोन्ही हातांनी उचलले आणि गॅसवर ठेवले. काडी ओढली. ओलसर काडी पेटली नाही, दुसरी ओढली.

"आई, नैवेद्याचं आहे ते. पुन्हा चढवायचं नाही ना?"

"माका शिकवतंस?" ती ज्योत मोठी करत म्हणाली. "गवर थांबतली. ती म्हायेराक इली हा, तिका घाई नाय. हिची भूक थांबाची नाय."

सागोतीला आधी कडेने बुडबुडे आले, मग मध्यावर, मग सगळे पातेले खदखदू लागले. आईने डाव तळापर्यंत फिरवला. "बघ, इली काय तुझी ती वाफ?" मी वाकून पाहिले आणि मान हलवली. तिने आणखी काही वेळ ते तसेच खदखदू दिले. माझ्यासाठी, असे मला आता वाटते. दुसऱ्या बाजूला मी दोन वडे तळले. तिने उकळत्या पातेल्यातून पहिला डाव वाटीत काढला, गौरीकडे तोंड करून क्षणभर उभी राहिली, ओठ हलले, आणि मग वाटी नेऊन सुनेच्या हातात दिली. ज्या बाईने आयुष्यात देवाआधी मिठाचा खडा चाखला नाही, तिने.

वैजू फुंकर घालून खाऊ लागली. नाकाला पाणी आले. "तिखट आहे," ती म्हणाली. मी म्हटले, "मग राहू दे." ती म्हणाली, "गप्प बसा हो." दोन्ही वडे संपले. वाटी तिने बोटाने पुसून घेतली. आई तिच्यासमोर पाटावर बसून बघत होती, आणि मी त्या दोघींना बघत होतो. बरे वाटण्याऐवजी मी घड्याळाकडे पाहून मनात तास मोजू लागलो होतो. पोटात गेलेले आता बाहेर काढता येत नाही.

दादा आला तेव्हा आईने त्याला दारातच सांगितले, "पयलो घास हिका दिलंय. गवरीआधी." दादा घामाने भिजलेला, हातात पेढ्यांचा पुडा. त्याने वैजूकडे पाहिले, तिच्या पुढ्यातल्या रिकाम्या वाटीकडे पाहिले. मग म्हणाला, "बरं केलंस. मी टॅक्सीत उगाच देवीची माफी मागत बसलो." आणि हातपाय धुवायला गेला.

नैवेद्य झाला, जेवणे झाली. उरलेली सागोती मी उथळ डब्यांत काढू लागलो, तेव्हा आई जवळ येऊन उभी राहिली. मला वाटले, आता काहीतरी ऐकावे लागणार. तिने विचारले, "आणखी डबो व्हयो काय?" आणि फडताळातून तिचा एक जुना, बसका, पितळी कड्यांचा डबा काढून पुढे केला. आमच्या त्या सगळ्या ऋतूतला तह तेवढ्या एका डब्यावर झाला.

पुढचे दिवस थर्मामीटरचे. सकाळ, दुपार, संध्याकाळ. एका दुपारी वैजूचे कपाळ मला तापल्यासारखे वाटले. मी थर्मामीटर लावला, पिशवी भरण्यासाठी कपाट उघडले, इस्पितळाचा नंबर लावण्यासाठी फोन हातात घेतला. "पंख्याखाली बसा जरा," ती म्हणाली. "घाम तुम्हाला आलाय. कपाळ माझं नाही, हात तुमचा तापलाय." पारा जिथे असायला हवा तिथेच होता. पुन्हा लावला. तिथेच.

ताप आला नाही. इस्पितळात वजनाच्या काट्यावर ती उभी राहिली तेव्हा मी दुसरीकडे पाहत होतो. वजन उतरले नव्हते. पुढचा केमो ठरल्या दिवशी झाला, आणि त्याच्या पुढचाही.

त्या वाटीने काही केले असे मी म्हणणार नाही. एका वाटीने कोणी बरे होत नाही, आणि तसे समजण्याची चूक महागात पडू शकते. त्या मुलीने सांगितलेले सारे नियम खरे होते आणि आजही आमच्याकडे पाळले जातात. पण दुसऱ्या दिवसापासून वैजू पदार्थाचे नाव घेऊन मागू लागली, आणि आईने आपल्या साठ वर्षांच्या सवयीला एक नवे वळण दिले. मोठे पातेले माळ्यावर गेले. ती छोट्या टोपात, दिवसातून तीनदा, मूठ-मूठ रांधू लागली. "उरूकच नाय तर टाकूचा खंय?" असा तिचा हिशेब. मी वर्षभर शोधले असते तरी मला हे सुचले नसते. कारण मी उरलेल्याचाच विचार करीत होतो.

या गोष्टीशी मी अजूनही अधूनमधून जाऊन बसतो. मी त्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर लक्ष ठेवले, प्रत्येक डब्यावर वार लिहिला, आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सारे होते, ती, म्हणजे तिची भूक, मात्र उघड्यावर ठेवली. अन्न कसे टिकवावे हे मला शिकता आले, शिकलो. पण भूकसुद्धा नासते, तिलाही वेळ असते, तिलाही ताजेपणीच विचारावे लागते. काळजी आणि पहारा यांत अंतर फार थोडे असते. पहारेकऱ्याला वाटत असते, की आपण काळजीच करीत आहोत. सावंतवहिनींना मी गेल्या दिवाळीत घरी जाऊन सांगितले, की कढणाचे मी काय केले. त्यांनी आधी मला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं हो. मोरीची खिडकी आमच्याच बाजूला आहे." आणि चहा टाकायला उठल्या.

यंदा पुन्हा गौर आली. वैजू बरी आहे. दर काही महिन्यांनी तपासणी असते, आणि तिच्या आधीचा आठवडा आम्ही दोघेही उगीचच जास्त बोलतो. तिचे केस परत आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. नैवेद्याच्या दिवशी ती सकाळपासून उभी होती. खोबरे तिने भाजले आणि मला वाटणापाशीही फिरकू दिले नाही. आई आता पाटावर बसत नाही, खुर्चीत बसते, पण हुकूम तेच. आणि दादाचा फोन तोच: अडकलोय, आलोच.

सागोती उकळत होती. आई खुर्चीतून उठली. कोणाला काही न विचारता तिने पातेल्यातून एक डाव वाटीत काढला. थोडी सागोती ओट्यावर सांडली. पहिली वाटी वैजूची, हा दोन वर्षांत आमच्या घरात नियमच होऊन बसला होता, आणि नियम केल्याचे कोणी बोलूनही दाखवले नव्हते.

"वैजयंती, ये गो."

वैजू गौरीला वेणी माळत होती. ती मागे वळली, वाटीकडे पाहिले आणि मान हलवली.

"नको, आई. यंदा मी थांबते."

"गरम आसा तवर खा."

"नको. नैवेद्य झाल्यावर सगळ्यांबरोबर बसेन." ती हसली. "आता मला थांबता येतं."

आई वाटी हातात धरून उभी राहिली. काढलेले पातेल्यात परत घालायचे नाही, हे तिला सांगायला नको होते. तिने एकदा सुनेकडे पाहिले, मग माझ्याकडे. बराच वेळ. मग ती चार पावले चालत आली आणि वाटी माझ्यापुढे धरली.

"मग तू खा," ती म्हणाली. "आजून भियालेलो तूच दिसतंस."

मी वाटी घेतली. ओट्यापाशी उभ्यानेच पहिला घास घेतला. कढत होता, जीभ पोळली. समोर गौर उभी होती, आणि तिच्या शेजारी, हातात उरलेली फुले घेऊन, वैजू. दोघी थांबल्या होत्या.